वरून सुबक टाका
शिंप्यांना एक खोड असते, माणसाच्या आधी त्याची शिलाई बघतात. आमच्या मास्तरांना तीच नडली.

दुकानातला आरसा सुटला आणि काच त्यांच्या उजव्या कोपराशी घुसली. जवळच्या दवाखान्यात कंपाउंडरने जखम शिवली. काय ते एकसारखे टाके! मास्तर दुखणं विसरून येईल त्या गिऱ्हाइकाला बाही वर करून दाखवायचे. करंगळी बधिर, कात्री हातातून निसटतेय. बायको म्हणाली, "अहो, मोठ्या डॉक्टरांना दाखवा ना."

"अगं, असा टाका घालणारा माणूस आत काही बिघडलेलं ठेवेल का?"

घ्या! दुसऱ्याच्या कोटाचं अस्तर उसवून बघणारी स्वारी स्वतःच्या अस्तराला हात लावू देईना.

अंगठ्यामागचं मांस खोल गेलं, तेव्हा कुठे मोठं इस्पितळ आठवलं. डॉक्टरीणबाईंनी तुटलेली नस जोडली आणि स्पष्ट सांगितलं, "मास्तर, आता नस कोपरापासून नव्याने वाढत पंजाकडे येणार. दिवसाला जेमतेम सुईच्या जाडीइतकी. स्नायू तोवर वाट बघतात, पण जन्मभर नाही. तुम्ही फार उशिरा आलात."

मास्तरांनी ऐकलं ते फक्त 'येणार'. रोज हातावर टिचक्या मारायचे, मुंग्या येतील तिथे खडूची खूण करायचे. खुणा मनगटाकडे सरकल्या तसा माणूस चेकाळला. बायकोने कापड बेतायला घेतलं की म्हणायचे, "राहू दे गं, माझा हात निघालाय, पोचेलच!" जसा काही पाहुणाच!

पोचला हो. एका सकाळी करंगळीला टाचणी टोचली आणि मास्तर आनंदाने किंचाळले. लगेच गिऱ्हाइकाचं भारीतलं कापड पसरलं, कात्री उचलली. अंगठ्यात जोरच येईना. पातं घसरलं, कोटाची पाठ आडवी कापली गेली. नस बिचारी इतकी चालत आली, पण घरात कोणी उरलंच नव्हतं. स्नायू केव्हाच वाळून गेले होते.

बायकोने कात्री त्यांच्या हातून घेतली. कापड फिरवून उरलेल्यात नवा बेत बसवला, स्वतः कापलं, स्वतः शिवलं.

गिऱ्हाईक कोट घालून खूश. "मास्तर, हात अजून तसाच आहे हो तुमचा!"

ती काज करत होती. मान वर केली नाही.

"मग!" मास्तर म्हणाले, आणि उजवा हात खिशात घातला.