आबांचा पटका आणि रेणूसर

रेणूसरांना नीट रागावता येत नसे. आवाज चढायच्या आत त्यांना हसू फुटायचं. मांडवगणच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, पण त्यांचं खरं आडनाव कुणी घेत नसे, कारण कुठलाही धडा ते शेवटी रेणूवर आणून सोडत. "आधी रेणू काय करतो ते बघू, परीक्षेचं मग." मी घरी तेच घोकायची. आई ऐकून ऐकून वैतागली. "ही रेणू कुणाची गं? आन् सर तिचंच कवतिक काय सांगत्यात?" मी सरांना हे सांगितलं, तर डोळे पुसेपर्यंत हसले. "आईला म्हणावं, रेणू सगळ्यांचीच."

प्रथिनं शिकवायची होती तेव्हा सरांनी आमच्या आबांचा पटका मागवला. आबा म्हणजे माझे आजोबा, आधी मेंढरं राखायचे. डोक्यावरचा पटका ते कुणाला हात लावू देत नसत, पण सरांसाठी पेटीतला नवा काढला. "मळवू नगा म्हणावं." सरांनी तो पार वर्गाच्या दारापर्यंत पसरला. "हे प्रथिन. नुसतं लांबडं, काही कामाचं नाही." मग मला पुढं बोलावून त्यांनी तो माझ्याच डोक्याला बांधला. पोरं खिदळली, मी लाजेनं मेले. "घड्या बसल्या, आता कामाचा झाला," सर म्हणाले. "पेशीत अशी प्रथिनं दाटीवाटीनं राहतात, धक्के खातात, तरी घडी मोडू देत नाहीत. फार तापली की मात्र सुटते."

त्या एका तासापायी मी पुढं रसायनशास्त्र घेतलं.

सर निवृत्त झाल्यावर दौंडला लेकीकडं राहायला गेले. काही वर्षांनी तिचा फोन आला, "आप्पांना माणसं ओळखू येईनात." डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतल्या प्रथिनांच्या घड्या चुकल्यात, त्यांचे गोळे साचतायत. नेमकं सरांच्याच बाबतीत हे व्हावं, याचा मला फार राग आला.

भेटायला निघाले तेव्हा एकच धास्ती होती, मला ओळखतील का. आबांच्या माघारी तोच पटका माझ्याकडं आला होता, तो सोबत घेतला.

"सर, ओळखलं का?"

"तुम्ही कुठल्या?" त्यांनी अदबीनं विचारलं.

मी पटका त्यांच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ते कापड चाचपत राहिले. मग मला खुणेनं जवळ बसवलं आणि एकेक वेढा देत माझ्या डोक्याला पटका बांधला. हात कुठं अडखळले नाहीत. शेवटचं टोक खोचून त्यांनी मागं सरून बघितलं.

"आता कामाचा झाला," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, हसू दाबत, "आईला सांगितलंस का गं, रेणू कुणाची ते?"