मागनं हाक

“हाय ना मागं?” मान न वळवता ते विचारायचे. “आहे, आहे,” मी म्हणायचो. चार पावलं गेली की पुन्हा तेच.

बहात्तरच्या दुष्काळाआधी मी कोल्हारला पोस्टमास्तर होतो. खोली घेऊन एकटाच राहायचो. हे शेजारचे म्हातारे, तेही एकटेच. पाटाच्या पाझराने त्यांचं निम्मं रान चिबड, पाणथळ झालं होतं. उसाच्या जागी लव्हाळे माजले होते आणि बगळे मुक्कामाला आले होते. त्यातून एक बांध थेट नदीकडे जायचा. संध्याकाळी त्यावरून फिरायला ते मला ओढून न्यायचे.

चालायचे अगदी सावकाश, पण पुढे तेच. एकदा मी बरोबरीने चालायला गेलो.

“मागनं या, मास्तर. बांधावर काय जोडीनं मिरवायचंय?”

बरं, मोठ्या रस्त्याला लागलो तरी मी आपला मागेच! गावात सगळे हसायचे.

बोलणं मात्र अखंड. वाटेतल्या पाणकोंबडीलाही सोडायचे नाहीत. “पळ बाई, तुझंच रान हाय आता.”

एकदा ती पिल्लं घेऊन निघालेली दिसली, म्हणून मी बघत थांबलो. ते बोलत पुढे गेले. “हाय ना मागं?” माझं लक्षच नव्हतं. मान वर केली तर ते बांधावर खिळल्यासारखे उभे. वळून मात्र बघत नव्हते.

“मास्तर?” त्यांनी समोर बघतच विचारलं. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. बायको अशीच मागून चालायची. एक दिवस तिच्या छातीत कळ आली, ती बांधावरच बसली. हे बोलत बोलत नदीपर्यंत गेले. परत येईतो सगळं संपलं होतं.

“हाक नाही मारली त्यांनी?”

“मीच दटावलं हुतं. निघाल्या मानसाला मागनं हाक मारू नये, काम नासतं. नवी नवरी हुती तव्हा एकदा मारली, तर मी लई बोललो. परत कधी मारली न्हाई.”

मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी विचारायच्या आधीच मी “आहे” म्हणू लागलो.

पुढे माझी शेवगावला बदली झाली. ट्रंक उचलून एस.टी.कडे निघालो, तेव्हा ते दारात उभे होते. मी वळणापर्यंत पोचलो असेन.

“मास्तर! अवं मास्तर!”

रस्त्यावरची माणसंसुद्धा थबकली. मी ट्रंक खाली ठेवून वळलो. “काय झालं, बाबा? काही राहिलं का?”

“काय न्हाई,” ते म्हणाले. “हाक मारल्यावर मानूस थांबतं का, ते बघितलं. जावा आता.”