पाहून राहिलो

मी खोटं लिहिलं नव्हतं, असं बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. पोलीस ठाण्यात दिलेल्या माझ्या अर्जातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. एक वाक्य तर ज्याच्याविरुद्ध अर्ज होता, त्याच्याच तोंडचं होतं. त्याला काय म्हणायचं होतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि नेमकं तेच मी लिहिलं नाही. त्यामुळे एका म्हाताऱ्याला नागपूर सोडावं लागलं.

धरमपेठेतल्या आमच्या घराची वरची खोली त्यानं सहा महिन्यांसाठी भाड्यानं घेतली होती. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त ब्रिटिश मुत्सद्दी. वाळवंटातल्या एका छोट्या देशात व्हिसाचे शिक्के मारण्यापासून त्याची नोकरी सुरू झाली. मग आफ्रिका, दिल्लीत बरीच वर्षं, पुन्हा आफ्रिका आणि शेवटी एका बेटावर राजदूत. बायको परदेशातच वारली, मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्यानं माझ्या आईला सांगितलं. मी विचारलं की एवढंच म्हणायचा, "लोकांचं ऐकायचो आणि लिहून पाठवायचो." हे काम हेराचंच असतं, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

दुपारी तो खाली येऊन आईकडून मराठी शिकायचा. पुस्तकातली नाही, आईच्या तोंडची. पुस्तकं आणून देतो म्हटलं तर हसून नको म्हणाला. कशासाठी शिकतो, ते सांगेना. एकदा त्याचा कूलर दुरुस्त करायला वर गेलो, तेव्हा टेबलावर त्याची वही उघडी होती. वर तारीख, वेळ, आणि खाली वेड्यावाकड्या देवनागरीत: 'आई. पाय दुखून राहिला. मुलगा बाहेर गेला.' तो मुलगा म्हणजे मी.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझा पाय दुखून राहिला, हे काय सरकारी गुपित हाय का गा? तुले तर दूधवालाही चोर वाटते."

पण दर गुरुवारी तो सीताबर्डीहून कोराडीची बस धरायचा. कोराडीत काय आहे? वीज केंद्र, राख, कोळशाचे ट्रक आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती. विलायती माणसाचं तिथं काय अडलंय? एका गुरुवारी बँकेतून अर्धी रजा टाकून मी त्याच्या मागे गेलो. थांब्यावर तो वही हातात धरून रस्त्याकडे बघत उभा होता. मी सहज भेटल्यासारखं विचारलं, "साहेब, इथं काहून?"

नवं वाक्य जुळल्याच्या आनंदात तो म्हणाला, "मी कोराडी पाहून राहिलो."

शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती. ती हसली. "वाट पाहून राहिलो म्हणा ना, साहेब. कोराडीच्या बसची वाट." त्यानं तिचे आभार मानले आणि तिथंच उभ्या उभ्या तो शब्द वहीत लिहिला. हे सगळं मी ऐकलं, पाहिलं.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. त्यात वही होती, गुरुवार होते, वीज केंद्र होतं. शेवटी लिहिलं: आपण कोराडी पाहत आहोत, असे त्याने स्वतः माझ्याजवळ कबूल केले. त्या बाईचा मी उल्लेख केला नाही.

दोन पोलीस आले. वही घेऊन गेले, आठवड्यानं परत दिली. तीत काही सापडलं नाही. पण त्याच्या व्हिसाची मुदतवाढ नाकारली गेली. कारण त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. पूर्वी एका देशानं मला दोन दिवसांत काढलं होतं, त्यामानानं तुम्ही खूप वेळ दिला, असं तो आईला हसत म्हणाला. बोलताना नजर माझ्याकडे होती. त्या दिवसापासून संशयाची दिशा फिरली. याला कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाही? चहाचा कप परत देतानासुद्धा तो काहीतरी सुचवतोय असं मला वाटायचं.

जाताना त्यानं माझ्या हातात कोराडीचा एक पत्ता दिला. गुरुवारी जमलं तर जात जा, म्हणाला. मी गेलो, पण खरं सांगायचं तर अजूनही काहीतरी उघडकीला येईल या आशेनं.

वसाहतीतल्या क्वार्टरचं दार एका माणसानं उघडलं. वीज केंद्रातला कर्मचारी. आत खाटेवर त्याचे वडील होते. ते दिल्लीत या साहेबाचे दुभाषे होते. प्रत्येक बैठकीत त्याच्या शेजारी बसलेले. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि इंग्रजी, हिंदी दोन्ही गेल्या. लहानपणची बोली तेवढी उरली. ही अवस्था कोणाला सांगू नका, अशी घरच्यांनी साहेबाला विनंती केली होती. आपल्याशी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या भाषेत बोललेल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता यावं, म्हणून तो माझ्या आईसमोर वही घेऊन बसत होता.

खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "साहेब काहून नाही आले गा?"

मी पाणी पिऊन निघून आलो. पुढच्या गुरुवारीही तोच प्रश्न, आणि मी पुन्हा तसाच निघून आलो. तिसऱ्या गुरुवारी मुलानं व्हिडिओ कॉल लावून फोन खाटेजवळ धरला. पडद्यावर साहेब दिसले, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी मला ओळखलं, आईचा पाय कसा आहे विचारलं.

"साहेब, तो अर्ज मी दिला होता," मी म्हणालो. "तुम्ही बसबद्दल बोलून राहिले होते, हे मले तेव्हाच समजलं होतं. तरी मी मुद्दाम तसं लिहिलं. मले माफ करा."

मग खाटेकडे वळलो. म्हातारा माझ्याकडेच बघत होता.

"काका, साहेब माझ्यापायी नाही आले. तुमचीही माफी मागतो."