धारेचा नवस

धाकटी बहीण विषमज्वरातून उठली, पण आईने तिच्यासाठी बोललेला नवस फेडायचा राहून गेला होता. वटारच्या आम्हा केळीच्या वाडीवाल्यांत कोणी नारळ बोलतं, कोणी कोंबडं. आईला नेमका सातिवलीच्या डोंगरातला धबधबा आठवला: पोर वाचली तर वर्षाच्या आत तिला धारेखाली उभी करीन.

आधी केळीची लावणी, मग भातकापणी, मग घरातलं लग्न, असं करता करता माघ उजाडला. वर्ष सरत आलं होतं. धबधब्याच्या ओढ्यावर वरच्या अंगाला बांध घातल्याचं कानावर आलं होतं, पण वडील उलट खूश झाले होते. आम्ही बागायतदार माणसं. आमच्याकडे पाटात बांध घालतात तो केळींना पाणी मिळावं म्हणून. बांध म्हणजे जास्त पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक.

बैलगाडीने पोचलो तर कातळ कोरडा ठणठणीत. धार पडायची तिथे शेवाळाचा काळा पट्टा उरला होता आणि खालच्या डोहात म्हशी बसल्या होत्या. मला हसू आलं. नुकताच मॅट्रिक झाल्यामुळे तेव्हा मला कशाचंही हसू येई.

बांधावरचा राखणदार म्हणाला, “पावसात या. बांध भरला की पडतं पाणी.”

“तवर वरीस उलटेल,” आई म्हणाली.

वडिलांनी तोड काढली, “तांब्याभर घाल अंगावर. देव काय बघायला बसलाय?”

“मी धार बोललेय. तांब्या नाय बोलले.”

शेवटी बांधाच्या पाण्यातून कळशी भरून मीच कातळाच्या माथ्यावर गेलो. खाली बहीण परकर खोचून, डोळे घट्ट मिटून उभी होती. मी कळशी उपडी केली. पाणी अर्ध्यावर पोचेतो वाऱ्याने उडवून नेलं. तिच्या वाट्याला आले ते चार शिंतोडे. पुन्हा भरून ओतली, पुन्हा तेच.

“भिजले गो आये, भिजले!” बहीण ओरडली.

ती भिजली नव्हती. तिचे कोरडे केस मला वरूनही दिसत होते. आईने तिला जवळ ओढलं, डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. या खेपेला मला हसू आलं नाही. आईची दया आली आणि तिचा रागही आला.

बहीण पुढे चांगली धडधाकट निघाली. लग्न झालं, मुलं झाली, सासरची वाडी तिने एकटीने सांभाळली. आईच्या लेखी मात्र तो नवस कधीच फिटला नाही, आणि तिची समजूत घालणं आम्हीही सोडून दिलं.

आई शेवटच्या दुखण्यात तापाने फणफणली होती. बहीण उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती. आईने मोठ्या कष्टाने हात उचलला आणि तिच्या कपाळाला लावून पाहिला.

“तुला नाय ना गो ताप?” तिने विचारलं.