अर्धाच छापलेला सर्व्हे

"मास्तर, म्या तं तुमाले नाही म्हणलं होतं न? मंग पेपरात सारं गाव त्याच्याकडून कसं?"

खामगावच्या बाजारात वांगी मांडून बसलेल्या गोदाबाईंनी मला चारचौघांत विचारलं. मी पेपर पाहिलाच नव्हता. शेजारच्या दुकानातून मागून घेतला. 'उमेदवाराच्या अंतर्गत सर्व्हेत सर्वत्र मोठी आघाडी.' खाली माझं नाव, हुद्द्यासकट.

मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. लोकसभेच्या एका उमेदवाराने मेहकर आणि पिंपळगाव राजा इथे लोकांचा कल काढायला सांगितलं होतं. सगळ्यांना विचारणं शक्य नसतं. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं उचलायची, तेवढ्याच घरी जायचं. याला सॅम्पल म्हणतात. पिंपळगावातलं गोदाबाईंचं घर त्यातच आलं. मेहकरात उमेदवार पुढे होता. पिंपळगावात साफ मागे. प्रचारप्रमुख नानासाहेबांनी सगळे कागद ठेवून घेतले आणि 'बाहेर बोलणार नाही' अशी माझी सही घेतली.

मी तडक त्यांच्याकडे गेलो.

"पिंपळगाव कुठे गेलं?"

"ते आतलं हाय, मास्तर. गुप्त."

"आणि मेहकर?"

"ते आमीच देलं पेपरले. आमचा सर्व्हे, आमची मर्जी. तुमची सही हाय, ध्यानात ठेवा."

म्हणजे गुप्तता फक्त माझ्यासाठी! सही मोडली तरी चालेल, पण हे खोटं माझ्या नावावर नको, असं ठरवून मी पेपरच्या कचेरीत गेलो. घडलेलं सगळं सांगितलं.

"कागद आहेत?" संपादकांनी विचारलं.

"त्यांच्याकडे आहेत. छापण्याआधी तुम्ही मला विचारलं का? कुठे घेतला, किती घरं, एवढं तरी?"

"काऊन विचारू? खुद्द त्यांचा माणूस आणून देऊन राह्यला!"

मी तिथेच बसून खुलासा लिहून दिला. तो छापून आला मतदान झाल्यावर, बाजारभावांच्या खाली. उमेदवार पडला. पिंपळगावासारख्या गावांनीच त्याला आपटलं. नानासाहेब गावभर सांगत सुटले, "मास्तरचा सर्व्हेच चुकला." तेही त्याच पेपरने छापलं, पहिल्या पानावर.

गोदाबाईंना मी खुलासा वाचून दाखवला. "आता छापून काय कराचं?" म्हणाल्या.

पुढे मी असं काम घेताना करारात एक वाक्य घालू लागलो: आकडे बाहेर गेले तर सगळे जातील. ते वाचून बहुतेक उमेदवार चहा पिऊन परत जातात.