देवानं कवच टाकलं

भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, पण जुन्या गावठाणातला मारुती लिंबाखाली तिथंच राहिला. गिरिजाबाई रोज सकाळी तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी घेऊन त्याच्याकडं चालत जायच्या. तीस वर्षं झाली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

यंदा जत्रा तोंडावर आली आणि मारुतीच्या अंगावरच्या शेंदराला भेगा पडल्या. पिढ्यानपिढ्यांचा शेंदूर, चांगला चार बोटं जाड. जत्रा कमिटीच्या कल्याणप्पानं बघून तोंड वाकडं केलं.

"आत्या, देव लई भकास दिसतोय. ऑइल पेंट मारून टाकू."

"देव कवच टाकायलाय रं. सापानं कात टाकावी तसं. आपुन हात लावायचा न्हाय. आपसूक गळलं की तेरणेच्या पाण्यात सोडायचं. सासूबाई सांगायच्या."

"अन् जत्रेपर्यंत न्हाय गळलं तर?"

गिरिजाबाई तेलाची बाटली उचलून घराकडं वळल्या.

मारुतीशेजारी एक धाकटा कोरीव दगड होता; त्याच्याकडं बघायचं त्या टाळायच्या. भूकंपातून लेकरं वाचली म्हणून त्यांनीच हौसेनं त्याला ऑइल पेंट लावून घेतला होता. चार पावसाळ्यांत रंगाखाली ओल धरली, पापुद्रे सुटले आणि त्यांच्यासंगं दगडावरचा कोरीव चेहराही गेला.

तो रंग लावणारे लोहारा गावचे पेंटर खाजाभाईच जत्रेच्या आदल्या दिवशी कल्याणप्पासोबत डबा-ब्रश घेऊन आले.

"अक्का, वळखलं का?"

"तुमाला कशी इसरंन? तुमी आन म्या मिळून त्या धाकट्याचं तोंड घालवलं."

खाजाभाईंनी धाकट्या दगडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग डबा उचलून बाजूला ठेवला. "एक गुनाह बस झाला. कल्याणप्पा, कमान रंगवतो, ओटा रंगवतो. ह्याला ब्रश लावणार न्हाय."

"मग देवाला असाच फाटका उभा करू व्हय?"

"फाटकं असलं तरी त्याचं त्याचं हाय," गिरिजाबाई म्हणाल्या.

जत्रेला मारुती तसाच उभा राहिला. रिवाजाप्रमाणं घरटी एक वाटी तेल पडत गेलं. तेल भेगांतून आत मुरत गेलं, वर ऊन तापत गेलं. दुपारी नैवेद्याच्या वेळी कवचाचा मोठा तुकडा अलगद सरकला आणि गिरिजाबाईंच्या पसरलेल्या पदरात आला.

आत दगडावर एक गडी कोरलेला होता. हातात तलवार, मागं गाईंचा कळप.

"आरं, शेपूट कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

कल्याणप्पा वाकून वाकून बघत होता. "आत्या, हा मारुती न्हाय वं! गाई सोडवताना पडलेला वीर हाय कुणीतरी."

"मग काय बिघडलं? आपले नवस ऐकले की त्यानं आजवर." गिरिजाबाईंनी पदरातला तुकडा सावरला. "फकस्त आता शेंदूर कपाळापुरता लावायचा. तोंड दिसू दे."

कल्याणप्पानं मान हलवली आणि स्वतःच शेंदराचं पहिलं बोट टेकवलं. कमानीपाशी उभ्या खाजाभाईंनी सलाम केला. गिरिजाबाईंनी त्यांनाही हात जोडले.

वाटीत थोडं तेल उरलं होतं. ते घेऊन त्या धाकट्या दगडापुढं बसल्या, त्याच्या खरबरीत अंगावरून तेलाचा हात फिरवला.

"तुझं तोंड म्या घालवलं," त्या हळूच म्हणाल्या, "पर तुझ्यामुळं ह्याचं राहिलं बग."