सोपानची दाढी

आम्हा पेंटर लोकांकडे कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. पाटी रंगवून झाली की गिऱ्हाईक घेऊन जातं; ते काय बोललं ते मात्र दुकानातच राहतं. नव्वदच्या दशकात शिरूरला माझं बोर्ड-बॅनरचं दुकान होतं, आणि तिथले निम्मे किस्से माझा पार्टनर सोपान याचे.

सोपान मांडवगण फराट्याचा. पूर्वी घरात मेंढरं होती, आता शेती. पोटासाठी पाट्या रंगवायचा, पण जीव सगळा मेंढरांच्या चित्रांत. ती पुण्याच्या प्रदर्शनात लागावीत आणि लोकांनी थांबून बघावीत, एवढीच इच्छा. हात असा, की मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू!

*

पहिल्यांदा चित्रं घेऊन तो पुण्याच्या एका गॅलरीत गेला. गुळगुळीत दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मॅनेजर म्हणाला, "चित्रं त्या कोपऱ्यात उतरवा. आर्टिस्ट कधी येणार आहेत?"

'मीच तो' म्हणायचा याला धीर झाला नाही. "येत्याल मागनं," म्हणाला आणि चित्रांसकट पुढच्या एसटीनं परत!

*

मी म्हणालो, "सोप्या, दाढी वाढव. झब्बा घाल." त्यानं ऐकलं.

आता आमच्याकडे माणसानं दाढी ठेवली की एक तर नवस, नाही तर सुतक. आठ-दहा दिवसांत राहू गावची त्याची मावशी दारातूनच गळा काढत आली. "आरं, कोण गेलं रं? मला कुणी कळवलं बी न्हाई!"

आत आबा, म्हणजे सोपानचे वडील, भाकरी खात बसले होते. म्हणाले, "अजून कुणी न्हाई. ये, जेवायला बस."

*

सणसवाडीच्या एका कंपनीतले साहेब पाटीला एक दिवस उशीर झाला तरी फोनवर ओरडायचे. दाढी बघितली आणि सोपानला केबिनमध्ये चहा! बोर्ड हवा होता 'हेल्मेट वापरा' असा. साहेब अदबीनं म्हणाले, "तुमचा मूड लागेल तेव्हा करा. घाई नाही."

पंधरा दिवस मूड लागेना. शेवटी बोर्ड मीच रंगवला, मीच नेऊन दिला. साहेब बोर्डाकडे बघतच राहिले. "सरांचा हातच वेगळा!"

*

दौंडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला सोपान प्रमुख पाहुणा होता. माईकसमोर उभा राहिला आणि पाठ केलेलं भाषण पार विसरला. दाढी कुरवाळत नुसता छताकडे बघत राहिला, मग खाली बसला.

टाळ्या थांबेनात. शेजारचे प्राध्यापक मला म्हणाले, "केवढा खोल माणूस!"

*

मग नाव कानावर गेलं आणि पुण्याच्या त्याच गॅलरीनं प्रदर्शनाला बोलावलं. मॅनेजरनं त्याला ओळखलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी तुडुंब गर्दी. सगळी सोपानभोवती. झब्बा कुठून घेता, पहाटे किती वाजता उठता, असले प्रश्न. चित्रांकडे सगळ्यांच्या पाठी. सोपान मधूनच टाचा उंचावून भिंतीकडे बघायचा, कुणी थांबलंय का म्हणून. मला फार वाईट वाटलं.

एकटे आबा सर्वांत मोठ्या चित्रासमोर बाकावर बसले होते. पागोटं, खांद्यावर घोंगडी. बराच वेळ हलले नव्हते.

तेवढ्यात एका फोटोग्राफरनं सोपानला नेमकं त्याच चित्रासमोर आणून उभं केलं. "सर, मान थोडी वर. दाढीवर लाईट येऊ द्या."

आबांनी काठी टेकत त्याला हाक मारली.

"सोपाना, जरा बाजूला सर. मेंढरं दिसंनात."